एका लहानशा भोकाचा इतिहास

कोकणातून पुण्याला परत येताना ताम्हिणी घाटात वेफर्सची पाकिटं फुगतात, हे या रस्त्याने जा-ये करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. लहानपणी मामाकडून येताना मागच्या सीटवर बसून पाकीट कधी फट्‌कन फुटतंय याची आम्ही वाट बघायचो. पुढे मी इंजिनिअरिंग केलं, थर्मोडायनॅमिक्सचा पेपर बऱ्या मार्कांनी सुटला, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली. आणि तरीही स्वतःच्या हातांनी बनवलेला साडेदहा फुटी पॅडलबोर्ड गाडीच्या टपावर बांधून तोच घाट चढलो, तेव्हा मला ते पाकीट आठवलं नाही.

पॅडलबोर्ड म्हणजे ज्यावर उभं राहून लांब दांड्याच्या वल्ह्याने पाणी कापत जायचं अशी फळी. आतमध्ये थर्माकोल, वरून फायबरग्लासचं कापड आणि इपॉक्सी. आंजर्ल्याला मामाच्या पडवीत दोन महिने शनिवार-रविवार घालवून मी तो बनवला होता. इन्सुलेशनसाठी विकतात तो घट्ट दाण्यांचा थर्माकोल आणला, गरम तारेने कापला, घासला, कापड चढवलं, वरून झोकात गडद निळा रंग दिला. बनवणाऱ्यांच्या सूचनांमध्ये शेवटी एक ओळ हमखास असायची : व्हेंट बसवा. म्हणजे वरच्या पृष्ठभागापासून आतल्या थर्माकोलपर्यंत एक भोक पाडा आणि त्याला उघडझाप करता येईल असा स्क्रू लावा. मला ते काही पटलं नाही. पाण्याचा थेंब आत जाऊ नये म्हणून दोन महिने राबायचं आणि शेवटी आपणच ड्रिल घेऊन त्याला भोक पाडायचं? मी ती ओळ सोडून दिली.

पुण्यात एप्रिलचं ऊन लागल्यावर बोर्डाच्या मधोमध, नेमकी पावलं ठेवायची तिथे, तळहाताएवढा फुगा आला. दाबला की बसायचा, सोडला की वर यायचा. मी तो फारसा मनावर घेतला नाही. मे महिन्यात बोर्ड परत आंजर्ल्याला नेला आणि मामेबहिणीने हट्ट केला म्हणून खाडीत तिला त्यावर उभं केलं. ती चौदा वर्षांची, अंगात लाइफ जॅकेट. मी शेजारी पोहत होतो. ओहोटी लागली होती. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "दादा, हा जड झालाय." मी म्हटलं, तू दमलीस. पाच मिनिटांनी बोर्ड तिच्या पायांखाली मधोमध दुमडला. आम्ही दोघं त्याच्या अर्ध्या तुकड्याला धरून खाडीच्या तोंडाकडे वाहत होतो, तेवढ्यात मामाच्या शेजाऱ्यांची होडी आली. कुणाला काही झालं नाही. पण त्या दहा मिनिटांत ती माझ्याकडे ज्या भरवशाने बघत होती, ते मला अजून विसरता आलेलं नाही.

संध्याकाळी मामा तुकडे उलटसुलट करून बघत म्हणाला, "अरे, कुकरला शिट्टी असते, होडीला बूच असतं. तुझ्या याला काय आहे?"

उत्तर नव्हतं. म्हणून मी शोधायला लागलो की हे भोक मुळात आलं कुठून.

*

ते सापडलं हवाईत, जवळपास शंभर वर्षांपूर्वी, आणि तेही जवळजवळ योगायोगाने.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाटांवर स्वार व्हायची फळी म्हणजे लाकडाचा भरीव ओंडका तासून केलेली असायची. सहज पन्नास किलोच्या आसपास वजन. अशाच जड फळीवरून ऑलिंपिक विजेता हवाईयन जलतरणपटू ड्यूक कहानामोकू याने जून १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोरोना डेल मार इथे उलटलेल्या बोटीतल्या आठ जणांना एकट्याने किनाऱ्यावर आणलं. फळी हे बचावाचं साधन होऊ शकतं हे त्या दिवशी अनेकांना दिसलं. पण ती उचलून पळायला ड्यूकसारखं शरीर हवं, हेही दिसलं.

याच ड्यूकला १९२० मध्ये डेट्रॉइटच्या एका चित्रपटगृहात टॉम ब्लेक नावाचा अठरा वर्षांचा मुलगा भेटला होता. ब्लेक १९०२ चा, विस्कॉन्सिनचा, म्हणजे समुद्रापासून कोसो दूरचा. आई तो तान्हा असतानाच क्षयाने गेलेली. ड्यूकच्या त्या भेटीने तो झपाटला, पश्चिम किनाऱ्यावर आला आणि १९२४ मध्ये हवाईला पोहोचला. होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये त्याला 'ओलो' जातीच्या जुन्या लांबलचक फळ्या दिसल्या. त्या पाकी नावाच्या हवाईयन सरदाराच्या होत्या. लोक त्यांना भूतकाळातली वस्तू म्हणून बघत होते. ब्लेकला मात्र प्रश्न पडला की एवढी लांब फळी पाण्यात चालायची कशी.

१९२६ मध्ये त्याने रेडवूडची तशीच फळी केली. ती भयंकर जड झाली. तेव्हा वजन कमी व्हावं आणि लाकूड आतून वाळावं म्हणून त्याने तिला वरून शेकडो भोकं पाडली, महिनाभर वाळू दिली आणि मग पातळ लाकडाने भोकं झाकून टाकली. आतमध्ये हवेचे कप्पे तयार झाले. पोकळ फळीचा जन्म असा झाला. लाटांवर स्वार होणाऱ्यांच्या इतिहासात या प्रसंगाला मोठं स्थान आहे. मला त्यात आणखी एक गंमत दिसते. पहिली भोकं ओल बाहेर काढायला होती, आणि ती झाकल्याबरोबर आत अडकलेल्या हवेचा प्रश्न सुरू झाला.

पुढे ब्लेकने भरीव लाकडाचा नादच सोडला. विमानाच्या पंखासारखा आतून पट्ट्यांचा सांगाडा आणि वरून पातळ फळ्या, अशी रचना केली. १९२८ मध्ये कोरोना डेल मारलाच झालेली पॅसिफिक किनाऱ्याची पहिली स्पर्धा त्याने जिंकली. हवाईतल्या वल्हवायच्या शर्यतींत त्याच्या पोकळ फळीने विक्रम मोडले, तेव्हा हे न्याय्य आहे का यावर वाद झाला. १९३१ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, तो 'वॉटर स्लेड' म्हणजे पाण्यावरची घसरगाडी या नावाने, आणि ऑगस्ट १९३२ मध्ये ते मंजूर झालं. त्याच वर्षी तो आणि आणखी दोघे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून कॅटलिना बेटापर्यंत वल्हवत गेले. भरीव फळ्यांच्या निम्म्या वजनाची फळी आता जीवरक्षकांच्या हातात येऊ लागली. १९३७ मध्ये 'पॉप्युलर मेकॅनिक्स' मासिकाने घरच्या घरी अशी फळी बनवायची कृती छापली. समुद्र न पाहिलेली पोरंही आपापल्या शेडमध्ये सुतारकाम करू लागली असतील. माझी पडवी त्यांचीच वंशज.

या पोकळ फळ्यांचा एक कायमचा रोग होता. त्या गळायच्या. उन्हात आतली हवा फुगायची, लाकूड आक्रसायचं, सांधे उघडे पडायचे आणि पाणी शिरायचं. म्हणून त्यांना पितळी बूच असायचं. पाण्यातून बाहेर आलं की बूच काढायचं, फळी उभी करायची, आतलं पाणी भळाभळा ओतून द्यायचं. वाळायला ठेवतानाही बूच काढूनच ठेवायचं. हे व्हेंटचं पहिलं रूप. मात्र त्याचं मुख्य काम हवा सोडणं नसून पाणी काढणं हे होतं. आणि ते विसरलं तर फार बिघडत नसे. आतलं पाणी खळखळ वाजून स्वतःच आठवण करून द्यायचं.

*

फोम आला आणि हा खळखळाट थांबला.

पॉलिस्टायरीनचा फोम अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डाऊ कंपनीने आणला आणि तटरक्षक दलाने तो जीवरक्षक तराफ्यांत वापरला. आपल्या ओळखीचा दाण्यांचा प्रकार जर्मनीत बीएएसएफ कंपनीच्या फ्रिट्झ स्टास्टनी यांनी १९५० च्या सुमारास घडवला. साखरेएवढे बारीक मणी, त्यांत पेंटेन वायू अडकवलेला. वाफ दिली की मणी चाळीसेक पट फुगतात आणि साच्यात एकमेकांना चिकटतात. भारतात बीएएसएफ ज्या कंपनीच्या रूपाने उभी राहिली तिचं मूळ नाव 'आर. ए. कोल', आणि साठच्या दशकात ठाण्यात हे मणी बनू लागले. आपल्याकडे या मालाला 'थर्माकोल' सोडून दुसरं नावच रुजलं नाही. २०१८ च्या राज्यातल्या बंदीपर्यंत गणपतीची मखरं त्याचीच असायची, त्यामुळे मखर कापून हात बसलेला माणूस बोर्डाचा आकार सहज काढतो. हे मी अनुभवाने सांगतो.

हा फोम फळीत घालायचं डोकं लढवलं बॉब सिमन्सने. हा कॅलिफोर्नियातला, गणितात तल्लख, सायकलच्या अपघातात डावा हात अधू झालेला माणूस. अडचण अशी होती की तेव्हा सहज मिळणारं पॉलिएस्टर रेझिन थर्माकोलला लागलं की तो विरघळतो. म्हणून १९४९ च्या आसपास त्याने फोमला वरून-खालून प्लायवूड, कडांना बाल्सा लाकूड लावलं आणि त्यावर फायबरग्लास चढवला. आजच्या प्रत्येक सँडविच बोर्डाची ही पूर्वज. १९५४ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, सिमन्स लाटांवर असतानाच बुडून गेला आणि ही वाट बराच काळ ओस पडली.

कारण १९५८ मध्ये होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेनचा फोम साच्यात ओतून जमवला. त्यावर पॉलिएस्टर चालायचं. त्याच्या पेशी बारीक, बंद आणि एकसंध. दाणे नाहीत, दाण्यांमधल्या फटी नाहीत, त्यामुळे हवेला इकडून तिकडे जायला वाटच नाही. व्हेंटची गरज उरली नाही. लाटांवरच्या बोर्डांच्या जगात जवळपास दोन पिढ्या हे भोक विसरल्या. ते जिवंत राहिलं शिडाच्या बोर्डांत, कारण ते मोठे असत आणि हलके हवे असत; तिथे ऐंशीच्या दशकापासून थर्माकोलवर इपॉक्सी आणि वर एक व्हेंट स्क्रू हे रूढ झालं.

मग ५ डिसेंबर २००५ उजाडला. अमेरिकेतले बहुतांश कारागीर ज्याच्याकडून फोम घेत, त्या क्लार्कने एका फॅक्सने कारखाना बंद केल्याचं कळवलं. त्या सोमवारला तिथले लोक अजून नावाने ओळखतात. एकाच पुरवठादारावर सगळं जग उभं असणं म्हणजे काय, हे माझ्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. कारागिरांना पर्याय शोधावे लागले आणि पुष्कळ जण थर्माकोल-इपॉक्सीकडे वळले. त्याच सुमारास माउईतल्या लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा यांच्यामुळे उभ्याने वल्हवायचा प्रकार जगभर पसरत होता. दहा-अकरा फुटी, दोनशे लिटरच्या आसपास आकारमानाचे बोर्ड लागू लागले. एवढा मोठा बोर्ड घरी परवडेल असा आणि उचलेल असा करायचा तर थर्माकोलच. आणि थर्माकोल आला की भोकही आलं.

*

माझ्या बोर्डाचं नेमकं काय झालं, ते आता सांगता येतं.

थर्माकोलमध्ये ९८ टक्के हवाच असते. तिच्यातली बरीचशी दाण्यांच्या आत कायमची कोंडलेली. पण दाण्यांच्या मधल्या फटींमधली हवा मोकळी असते आणि बोर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरू शकते. म्हणूनच एवढ्या मोठ्या बोर्डाला एक भोक पुरतं. मी बोर्ड बंद केला आंजर्ल्याला, समुद्रसपाटीला, साधारण २७ अंशांत. आत १०१ किलोपास्कल दाब कोंडला गेला. पुण्यात, ५६० मीटर उंचीवर, बाहेरचा दाब ९५ च्या आसपास. गडद निळा बोर्ड एप्रिलच्या उन्हात ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. तापमान ३०० केल्विनवरून ३३८ वर गेलं की आतला दाब होतो ११४. आतबाहेर फरक १९ किलोपास्कलचा. तळहाताएवढ्या, म्हणजे दहा सेंटिमीटर चौरसाच्या तुकड्यावर हा जोर जवळपास १९ किलोचा, आणि तो बाहेरच्या दिशेने, साल सोलून काढायला बघणारा. साल जरा फुगली की दाब उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा कमी असेल. पण जिथे चिकटणं कच्चं तिथे सुरुवात व्हायला तो पुरेसा होता.

कच्चं का होतं, तेही कळलं. मी कापड चढवलं होतं सकाळी. ऊन चढत गेलं तशी फटींमधली हवा फुगून ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढत बाहेर आली. मुरलेले लोक उलट करतात : थर्माकोल आधी गरम जागेत ठेवतात आणि तापमान उतरत असताना, संध्याकाळी, रेझिन लावतात. मग आकसणारी हवा रेझिनला आत ओढून घेते. तीच हवा, फक्त वेळ बदलली.

दाण्यांचा नाही असा निळा-गुलाबी, दाबून काढलेला फोम वापरला तर पाणी शोषलं जात नाही, म्हणून कित्येक जण त्याकडे वळतात. पण त्यात फटी नसल्यामुळे जिथे हवा किंवा वायू सुटेल तिथेच अडकतो, व्हेंटपर्यंत पोहोचत नाही, आणि तिथेच साल उचलतो. भोक पाडलं तरी त्याचा उपयोग व्हायला आत वाट हवी.

खाडीत जे झालं ती याच्या पुढची पायरी. फुग्याच्या कडेला केसाएवढी चीर गेली होती. दुपारभर वाळूवर तापलेला बोर्ड आम्ही पाण्यात टाकला. ५५ अंशांवरून २७ पर्यंत उतरताना आतली मोकळी हवा सुमारे बाराव्या भागाने आक्रसते आणि मिळेल त्या चिरेतून पाणी ओढून घेते. बोर्ड अक्षरशः पाणी प्यायला. ब्लेकच्या फळीत हे पाणी खळखळलं असतं. थर्माकोलमध्ये ते दाण्यादाण्यांत मुरतं, आवाज नाही, आणि बाहेर यायला आठवडे लागतात. त्यात सुटलेली साल. सँडविच बोर्डाचा ताठपणा साल आणि गर एकजीव असण्यावर असतो. ते सुटल्यावर माझ्या मामेबहिणीच्या पायांखाली उरला होता तो ओला थर्माकोल आणि त्यावर फायबरग्लासचा कागद.

*

मग व्हेंट बसवला असता तर प्रश्न सुटला असता का? अर्धाच.

स्क्रूचा व्हेंट माणसाच्या आठवणीवर चालतो. उन्हात, घाटात, विमानात तो उघडा हवा. पाण्यात घट्ट बंद. प्रवासी विमानाच्या पोटातला दाब सुमारे २४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका उतरू शकतो, म्हणजे फरक माझ्या एप्रिलपेक्षाही मोठा. उघडायला विसरलात तर साल फुगते, बंद करायला विसरलात तर बोर्ड पाणी पितो. बुचाच्या काळी विसरणं स्वस्त होतं, फोमच्या काळात महाग झालं. काही कारागीर म्हणतात, लहान बोर्ड, पांढरा रंग, चांगलं चिकटवलेलं असेल तर व्हेंट नकोच, उगाच गळतीची आणखी एक जागा. लहान बोर्डापुरतं ते खरंही असेल. दोनशे लिटरच्या बोर्डाबाबत मी आता तो वाद घालणार नाही.

आठवणीचं हे ओझं कमी झालं ते एका वेगळ्याच धंद्यातून. १९६९ मध्ये डेलावेअर राज्यात बॉब गोर हा टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या ताणायचा प्रयत्न करत होता. सावकाश ताणल्या की त्या तुटायच्या. शेवटी वैतागून त्याने एक जोराचा हिसका दिला, आणि कांडी न तुटता कितीतरी पट लांब झाली. आत अतिसूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं होतं, त्यातून हवा आणि वाफ जाते, पण टेफ्लॉनला पाणी चिकटत नसल्यामुळे थेंब आत शिरत नाही. त्याचेच पुढे 'गोर-टेक्स'चे रेनकोट झाले. तोच पडदा नखाएवढ्या चकतीत बसवला की स्वतःहून उघडझाप करणारा व्हेंट मिळतो. हवा येते-जाते, पाणी अडतं, कुणाला काही आठवावं लागत नाही. तोही अमर नाही. सनस्क्रीनचं तेल, मेण, मीठ साचलं की छिद्रं बुजतात. गोड्या पाण्याने धुवावा लागतो आणि काही वर्षांनी बदलावा लागतो.

आमच्या कामात एक गोष्ट वारंवार घोकली जाते : "अमुक करायला विसरू नका" अशी सूचना लिहावी लागली, तर चूक वापरणाऱ्याची नसते, रचनेची असते. मी मात्र सूचनाही पाळली नव्हती आणि रचनाही केली नव्हती.

दुसरा बोर्ड मागच्या हिवाळ्यात झाला. पांढरा. रेझिन संध्याकाळी लावलं. उभं राहायच्या जागेच्या पुढे, पाणी साचणार नाही अशा उंच भागात घट्ट फोमचा एक गट्टू बसवला, म्हणजे भोकातून चुकून पाणी आलं तरी आधी त्याला लागेल, थर्माकोलला नाही. त्यात पडद्याचा व्हेंट. ड्रिल धरलं तेव्हा हात थांबलाच. मामा बाजूला उभा होता. म्हणाला, "पाड आता. ब्लेकने शेकडो पाडली म्हणतोस ना?"

ताम्हिणी चढताना यंदाही वेफर्सचं पाकीट फुगलं. पुण्यात उतरून बोर्डावरून अंगठा दाबत फिरवला. कुठे फुगा नव्हता. मे महिन्यात तो परत आंजर्ल्याला जाईल. मामेबहीण त्यावर चढेल की नाही हे तिचं ती ठरवेल, मी विचारणार नाही. जुन्या बोर्डाचा अर्धा तुकडा पडवीच्या मागे भिंतीला टेकून आहे. परवा फोनवर मामा सांगत होता की वर्ष होत आलं, उन्हात असतो, पण उचलला की अजून खालून पाणी ठिबकतं.